माइक बंद आहे असं समजून

१६ डिसेंबर २०२४ ची सकाळ. ब्रिस्बेनच्या गॅबा मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीच्या तिसऱ्या दिवसाचा खेळ सुरू व्हायचा होता. फॉक्स क्रिकेटच्या कॅमेऱ्यासमोर समालोचक ईसा गुहा होत्या, सोबत रवी शास्त्री आणि अॅडम गिलख्रिस्ट. एरवी अशा वेळी खेळपट्टी, ढग आणि पाऊस यांवर चार वाक्यं होतात. त्या दिवशी गुहांनी सुरुवातच माफीनं केली.

आदल्या दिवशी जसप्रीत बुमरानं ऑस्ट्रेलियाचे सुरुवातीचे फलंदाज झटपट गुंडाळले होते. ब्रेट ली त्याचं कौतुक करत होता. त्याला दुजोरा देताना गुहा बोलून गेल्या, की बुमरा म्हणजे एमव्हीपी, ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्रायमेट’. खरं बिरुद आहे ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’, अमेरिकी खेळांतून जगभर पसरलेलं. ‘प्रायमेट’ म्हणजे माकडं, वानरं आणि आपण ज्या गणात मोडतो तो प्राणिगण. बर्फावरची हॉकी खेळणाऱ्या चिंपांझीवर २००० साली याच नावाचा एक बालपट आला होता. ते नाव गुहांच्या डोक्यात कुठं पडून होतं का, हे आपण सांगू शकत नाही. पण ऑस्ट्रेलियात, भारतीय खेळाडूबद्दल, क्रिकेटच्या समालोचनात वानराचा उल्लेख येणं म्हणजे जुन्या जखमेवरची खपली निघणं. २००८ च्या सिडनी कसोटीत हरभजन सिंगनं अँड्र्यू सायमंड्सला माकड म्हटल्याच्या आरोपावरून भारताचा दौरा मोडायची वेळ आली होती. त्याच्या आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, सायमंड्सकडे पाहून माकडचेष्टा करणारे प्रेक्षक आपल्या वानखेडेवरच होते. या प्रकरणात आपण नेहमीच सोसणाऱ्यांच्या बाजूला असतो असं नाही.

गुहांची माफी मिनिटभराची होती. काल वापरलेल्या शब्दाचे वेगवेगळे अर्थ काढता येतात, कोणी दुखावलं असेल तर क्षमस्व, संपूर्ण बोलणं ऐकलंत तर मी बुमराची थोरवीच सांगत होते हे कळेल, पण शब्द चुकीचा निवडला आणि त्याबद्दल मनापासून माफी मागते, असा तिचा मथितार्थ. आपणही दक्षिण आशियाई वंशाच्या आहोत, आपल्या मनात कसलाही आकस नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. शेजारी उभ्या शास्त्रींनी लगेच त्यांना धीट बाई म्हटलं, चुका माणसांकडून होतातच असं सांगितलं आणि मालिका पुढं चालू झाली.

मग चर्चा रंगली ती नेहमीची. ही माफी मनापासून होती का?

प्रश्न साहजिक आहे, पण त्याचं उत्तर मिळण्याची सोय नाही. चेहरा पडलेला असणं, आवाज कापणं, डोळ्यांत पाणी येणं यावरून काही ठरवता येत नाही; नोकरी जाण्याच्या धास्तीनंही आवाज कापतो. आणि ही तर कॅमेऱ्यासमोर बोलणं हाच ज्यांचा धंदा आहे अशी माणसं. पश्चात्तापाचा सूर लावणं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जमणार. त्यामुळं मनात शिरण्याचा नाद सोडून मी माफीच्या वाक्यांकडे पाहतो. माफी नेमक्या कोणत्या गोष्टीची मागितली आहे? आणि ती कोणाला उद्देशून आहे? या दोन प्रश्नांची उत्तरं ध्वनिफितीतच असतात, आणि ती बहुतेक वेळा बोलणाऱ्याला अडचणीची असतात.

आता कोलंबो, ऑगस्ट २००६. श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात पी. सारा ओव्हलवर कसोटी सुरू होती. कुमार संगकाराचा झेल हाशिम अमलानं घेतला. षटक संपलं, टेन स्पोर्ट्सवर जाहिराती लागल्या आणि समालोचन कक्षात बसलेला ऑस्ट्रेलियाचा डीन जोन्स म्हणाला, ‘दहशतवाद्याला आणखी एक बळी मिळाला.’ अमला मुसलमान, लांब दाढी राखणारा. मद्याच्या कंपनीचं बोधचिन्ह अंगावर नको म्हणून त्यानं आपल्या संघाच्या पोशाखातून ते वगळून घेतलं होतं. त्याचे पूर्वज सुरतकडचे.

इथं प्रक्षेपणाची एक तांत्रिक बाजू समजून घ्यायला हवी. सामन्याचं चित्र आणि आवाज मैदानावरून एकदाच तयार होतो आणि वेगवेगळ्या देशांतल्या वाहिन्यांना एकाच वेळी पुरवला जातो. त्यावर कोणी कधी जाहिराती टाकायच्या, हे ज्या त्या वाहिनीचं काम. समालोचकाला आपल्या समोरच्या पडद्यावर जाहिरात दिसली, की तो पाय पसरतो, पाणी पितो, शेजाऱ्याशी गप्पा मारतो. पण त्याच्या तोंडापुढचा माइक तिकडं सुरूच असू शकतो. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या सुपरस्पोर्टनं त्या वेळी जाहिरात लावलेली नव्हती. जोन्सचं वाक्य तिथल्या घराघरात गेलं आणि फोन खणखणू लागले. टेन स्पोर्ट्सनं त्याला तडकाफडकी काढलं आणि तो मायदेशी परतला.

जोन्सनं माफी मागितली. आपलं बोलणं मूर्खपणाचं आणि अत्यंत असंवेदनशील होतं, असं त्यानं कबूल केलं. इथवर उत्तम. पण त्याच वाक्याला जोडून तो म्हणाला, की ते प्रक्षेपणात ऐकू जाणं अर्थातच अपेक्षित नव्हतं.

मला हे जोडवाक्य सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतं. कारण ते खरं आहे. बोलणारा माणूस इथं नकळत प्रामाणिक झाला आहे. माइक बंद असता तर तेच वाक्य कक्षातल्या दोन-तीन जणांच्या हसण्यात विरून गेलं असतं, ना खंत ना खुलासा. म्हणजे माफी वाक्याची की ते बाहेर गेल्याची? दोन्हींची असू शकते. पण ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्यांना बोचतं ते हेच, की माइक बंद असताना आपल्याबद्दल असं बोललं जातं.

त्याच्या दोन वर्षं आधी इंग्लंडच्या दूरचित्रवाणीवर अगदी असंच घडलं होतं. २० एप्रिल २००४ रोजी मोनॅकोनं चॅम्पियन्स लीगच्या उपान्त्य लढतीत चेल्सीला ३-१ असं हरवलं. आयटीव्हीसाठी समालोचन करणारा माजी प्रशिक्षक रॉन अॅटकिन्सन सामना संपल्यावर चेल्सीच्या मार्सेल देसाईवर घसरला आणि त्याला आळशी, मठ्ठ म्हणताना कृष्णवर्णीयांसाठीची ती कुप्रसिद्ध शिवी वापरून मोकळा झाला. ब्रिटनमधलं प्रक्षेपण तोवर संपलं होतं. मध्यपूर्वेतलं संपलं नव्हतं. अॅटकिन्सननं राजीनामा दिला, ‘गार्डियन’मधलं त्याचं सदरही बंद झालं. आपण मूर्खासारखे वागलो असं त्यानं सांगितलं आणि आपण वंशद्वेष्टे नाही हेही.

पुरावा म्हणून पुढं आला तो वेस्ट ब्रॉमविच अल्बियन क्लबचा. १९७८ मध्ये तिथं अॅटकिन्सनच्या संघात सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅटसन हे तीन कृष्णवर्णीय खेळाडू एकत्र खेळत. त्या काळी इंग्लिश मैदानांवर अशा खेळाडूंवर केळी फेकली जात. हा इतिहास खोटा नाही, फक्त सांगताना थोडा फुगतो. रेजिस आणि कनिंगहॅम १९७७ मध्येच क्लबात आले होते, अॅटकिन्सन तिथं रुजू झाला १९७८ च्या जानेवारीत. त्यानं स्वतः आणलेला खेळाडू बॅटसन. या तिघांना त्यानं नाव दिलं ‘थ्री डिग्रीज’, अमेरिकेतल्या तीन कृष्णवर्णीय गायिकांच्या चमूवरून. खेळाडूंचा आणि गायिकांचा एकत्र फोटोही काढला गेला. कौतुक होतं, आणि त्यात गंमतही होती. गंमत अर्थातच त्यांच्या रंगाची. माणूस कृष्णवर्णीयांना संघात घेऊ शकतो आणि पंचवीस वर्षांनी त्यांच्यातल्याच एकाला ती शिवीही देऊ शकतो. एका गोष्टीनं दुसरी खोडली जात नाही. पण माफीच्या वेळी नेमकं हेच गाठोडं सोडलं जातं. माझे मित्र पाहा, माझं काम पाहा, मी तसा माणूस नाही. बोलता बोलता माफीपत्राचा चारित्र्याचा दाखला होऊन जातो, आणि तो दाखला सहीशिक्क्यासकट आपणच आपल्याला दिलेला असतो.

समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७१ मध्ये या खेळाची फोड करून ठेवली आहे. त्यांच्या मते माफी मागणारा स्वतःचे दोन भाग करतो. एक भाग गुन्हा करणारा, दुसरा भाग त्या गुन्ह्याकडे लांबून पाहून नाक मुरडणारा. आणि आपण म्हणजे तो दुसरा भाग, असं तो समोरच्याला पटवू पाहतो. यात लबाडी असेलच असं नाही. माफीची रीतच तशी आहे. घोळ होतो तो दुसऱ्या भागाचं कौतुक पहिल्याच्या कबुलीपेक्षा लांबतं तेव्हा.

याचं सर्वात मोठं उदाहरण अमेरिकेत २००७ च्या एप्रिलमध्ये दहा दिवस जाहीरपणे चाललं. ते दिवसवार पाहण्यासारखं आहे.

न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाचा मुलींचा बास्केटबॉल संघ हंगामाच्या सुरुवातीला सपाटून मार खात होता. पाच जणी कॉलेजच्या पहिल्याच वर्षात. तिथून सावरत त्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचल्या आणि ३ एप्रिलला टेनेसीकडून ४६-५९ अशा हरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉन आयमस या रेडिओ निवेदकाच्या कार्यक्रमात या सामन्याचा विषय निघाला. हा कार्यक्रम सीबीएस रेडिओचा, आणि एमएसएनबीसी ही वाहिनी तो दूरचित्रवाणीवरही दाखवत असे. मोठमोठे राजकारणी आणि पत्रकार तिथं पाहुणे म्हणून येत. आयमसनं त्या मुलींच्या केसांवरून त्यांचा वंश हिणवणारं एक विशेषण वापरलं आणि त्याला वेश्यांसाठीचा बाजारू शब्द जोडला. माइक सुरू होता, हे सर्वांना ठाऊक होतं. सोबतचे हसले.

५ एप्रिलला त्यानं विषय झटकला. गमतीत केलेली एक मूर्ख टिप्पणी, त्याचा एवढा बाऊ कशाला, असा सूर. तोवर ‘मीडिया मॅटर्स’ या प्रसारमाध्यमांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेनं ती चित्रफीत सर्वांसमोर आणली होती आणि कृष्णवर्णीय पत्रकारांच्या संघटनेनं आवाज उठवला होता. ६ तारखेला त्यानं माफी मागितली. ९ तारखेला तो नागरी हक्क चळवळीतले नेते अल शार्प्टन यांच्या रेडिओ कार्यक्रमात गेला. त्या दिवशी त्यानं न्यू मेक्सिकोतल्या आपल्या रँचचा उल्लेख केला, जिथं कर्करोग झालेल्या मुलांना तो दर वर्षी नेत असे, आणि म्हणाला, ‘मी चांगला माणूस आहे, वाईट बोलून गेलो.’ गॉफमन हयात असते तर त्यांना वर्गात फळ्यावर लिहायला हे वाक्य मिळालं असतं. शार्प्टन यांच्या कार्यक्रमात वैतागून ‘तुम्हा लोकांपुढं माझं काही चालतच नाही’ असंही त्याच्या तोंडून निघालं. तुम्हा लोकांपुढं! माफी मागायला गेलेला माणूस तिथंही आपली आणि त्यांची रांग वेगळी करून आला.

त्याच दिवशी दोन्ही कंपन्यांनी त्याला दोन आठवड्यांसाठी निलंबित केलं, तेही पुढच्या आठवड्यापासून. १० एप्रिलला रटगर्सच्या प्रशिक्षक सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर आपल्या खेळाडूंना घेऊन पत्रकारांसमोर बसल्या. माझ्या दृष्टीनं या सगळ्या प्रकरणाचा गाभा ही पत्रकार परिषद. स्ट्रिंगर यांनी एकेकीची ओळख करून दिली. या मुलींमध्ये शाळेत पहिल्या आलेल्या आहेत, उद्याच्या डॉक्टर आहेत, वाद्यं वाजवणाऱ्या आहेत. आयुष्यातल्या एका निखळ आनंदाच्या क्षणावर त्यानं डल्ला मारला, असं एका खेळाडूनं सांगितलं. तोवर सहा दिवस सगळा देश आयमसबद्दल बोलत होता. तो चांगला की वाईट, विनोद की विखार, अभिव्यक्तीचं काय. मुली कोण आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

मग चक्रं भराभर फिरली. प्रॉक्टर अँड गॅम्बल, जनरल मोटर्स, अमेरिकन एक्स्प्रेस अशा जाहिरातदारांनी अंग काढून घेतलं. ११ तारखेला एमएसएनबीसीनं कार्यक्रम बंद केला, १२ तारखेला सीबीएसनं आयमसला काढलं. दोन आठवड्यांची शिक्षा तीन दिवसांत जन्मठेप झाली. या तीन दिवसांत त्याच्या माफीत काही फरक पडला नव्हता, फरक पडला होता तो हिशेबाच्या वहीत. वाहिन्यांच्या संतापाचा पारा जाहिरातदारांकडे पाहून चढतो, हे ज्यांना अजून पटत नाही त्यांनी या तारखा एकदा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात.

आणि एक कलम. काढून टाकल्यावर आयमसच्या वकिलांनी करार पुढं केला. पाच वर्षांचा, चार कोटी डॉलर्सचा. त्यात म्हटलं होतं, की त्याची शैली कोणाची भीडभाड न ठेवणारी आणि वादग्रस्त आहे, आणि कंपनीला तीच हवी आहे. ऑगस्टमध्ये दोघांनी आपसात तडजोड केली. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले त्याच गुणासाठी हाकललं. निवेदकाच्या माफीची चिकित्सा करताना ज्यांनी हा माल वर्षानुवर्षं विकला ती कंपनी सहसा चौकटीबाहेर उभी असते. वाहिनीचं निवेदन येतं ते त्रयस्थाच्या थाटात, अशी वक्तव्यं आमच्या मूल्यांशी विसंगत आहेत म्हणून.

१२ एप्रिलच्याच रात्री न्यू जर्सीच्या गव्हर्नरांच्या निवासस्थानी आयमस त्या मुलींना भेटला. स्वतः गव्हर्नर जॉन कॉर्झाइन त्या भेटीला येताना मोटार अपघातात गंभीर जखमी झाले, तरी बैठक झाली, बराच वेळ चालली. दरम्यान मुलींना द्वेषपत्रं येऊ लागली होती. आमचा आवडता निवेदक तुमच्यामुळं गेला, म्हणून. आयमसच्या पत्नीनं नंतर जाहीरपणे सांगितलं, की ही पत्रं थांबली पाहिजेत, या मुली धैर्याच्या आहेत. दुसऱ्या दिवशी स्ट्रिंगर यांनी संघातर्फे माफी स्वीकारल्याचं कळवलं.

मुलींनी माफ केलं म्हणजे माफी मनापासून होती, असा निष्कर्ष त्या वेळी अनेकांनी काढला. त्याला आधार नाही. जेन रायझन आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी, २००७ मध्ये, एक अभ्यास प्रसिद्ध केला. माफी आपणहून मागितली की कोणी भाग पाडलं म्हणून, यानं ज्याचा अपमान झाला त्याच्या प्रतिसादात फारसा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. तो दोन्ही स्वीकारतो. बाजूला उभा असलेला बघ्या मात्र दोहोंत फरक करतो आणि जुलमाच्या माफीवर नाक मुरडतो. कारण उघड आहे. समोरचा हात जोडून उभा असताना ‘नाही’ म्हणणारा माणूसच आडमुठा ठरतो. विशीच्या आसपासच्या मुली, समोर गव्हर्नरांचा बंगला, बाहेर कॅमेरे, टपालात द्वेषपत्रं. त्यांनी क्षमा केली यात त्यांचा मोठेपणा दिसतो. त्याच्या माफीच्या दर्जाबद्दल त्यावरून काही कळत नाही.

आयमस ३ डिसेंबर २००७ ला न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसी केंद्रावर परतला. पहिल्याच कार्यक्रमात त्यानं शब्द दिला, की मला क्षमा केल्याचा पस्तावा त्या मुलींना व्हावा असं मी हयातीत काही बोलणार नाही. सोबतीला दोन कृष्णवर्णीय विनोदी कलावंत घेतले. हे मला त्याच्या सगळ्या माफीनाम्यांहून वजनदार वाटतं, कारण यात तपासता येईल असं वचन होतं. जून २००८ मध्ये ते तपासलं गेलं. एका फुटबॉलपटूला अनेकदा अटक झाल्याची बातमी सहकारी सांगत होता. आयमसनं विचारलं, तो कोणत्या रंगाचा? कृष्णवर्णीय, असं उत्तर आलं. ‘मग झालं तर, आता कळलं,’ आयमस म्हणाला. गदारोळ झाल्यावर त्यानं खुलासा केला, की पोलीस कृष्णवर्णीयांना उगाच धरतात असं मला सुचवायचं होतं. तसं असूही शकेल. पण वर्षभरापूर्वीचं वाक्य नसतं तर हा खुलासा लोकांनी सहज मानला असता. तो पुढं जवळपास दहा वर्षं रेडिओवर राहिला आणि २०१९ च्या डिसेंबरात वारला.

माफी कोणाकडे मागायची, या दुसऱ्या प्रश्नासाठी पुन्हा क्रिकेटकडे वळतो, कारण तिथल्या एका गोष्टीत पुणं आहे. २६ डिसेंबर २०१८, मेलबर्न. मयांक अगरवालचं कसोटी पदार्पण. त्याच्या नावावर रणजीतलं एक त्रिशतक आहे असं कळल्यावर फॉक्सचा समालोचक केरी ओकीफ म्हणाला, ते बहुधा रेल्वे कँटीनच्या नोकरांविरुद्ध काढलं असेल. प्रत्यक्षात ते नाबाद ३०४ निघाले होते नोव्हेंबर २०१७ मध्ये पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर, महाराष्ट्राच्या गोलंदाजीवर. म्हणजे ओकीफनं एका दगडात कर्नाटकचा फलंदाज, रेल्वेचा संघ आणि आपले गोलंदाज असे तीन पक्षी मारले, त्यातले दोन नकळत. अगरवालनं त्या दिवशी ७६ धावा केल्या, आणि भारतानं ती कसोटी १३७ धावांनी जिंकली. शास्त्रींनी फॉक्सवरच उत्तर दिलं, की तुम्ही तुमचं कँटीन उघडाल तेव्हा अगरवालला तिथल्या कॉफीचा वास घ्यायला यायचंय, भारतातली चांगली की इथली ते पाहायला.

ओकीफनं प्रक्षेपणातच माफी मागितली आणि भारतीय क्रिकेटजगताला उद्देशून एक खुलं पत्रही लिहिलं. आपली शैली खट्याळ आहे, पण अनादर कधीच नसतो, असा त्याचा आशय. हे वंशद्वेषी बोलणं म्हणावं का? मी त्याला तोरा म्हणेन. आमच्याकडचं ते क्रिकेट, तुमच्याकडचं ते कँटीन. पण त्याच मालिकेत पुजारा-जडेजांच्या नावांवरूनही त्याचे विनोद चालले होते, म्हणजे तोऱ्याची वाट कुठं निघाली होती ते दिसतच होतं. माझा मुद्दा ‘भारतीय क्रिकेटजगत’ या पत्त्याबद्दल आहे. या पत्त्यावर टपाल घेणारं कोणी राहत नाही. बोलणं होतं अगरवालबद्दल.

उलट पुजाराच्याच नावाची दुसरी एक गोष्ट. यॉर्कशायर काउंटीत चेतेश्वर म्हणायला अवघड म्हणून त्याला ‘स्टीव्ह’ म्हणत. अझीम रफीक या तिथल्या माजी खेळाडूनं क्लबातल्या वंशभेदाला वाचा फोडल्यावर, नोव्हेंबर २०२१ मध्ये जॅक ब्रूक्स या गोलंदाजानं आपण हे नाव वापरत होतो असं कबूल केलं. त्या वेळी त्यात काही गैर वाटलं नाही, आज ते चूक होतं हे दिसतं, आणि त्याबद्दल पुजाराशी थेट संपर्क साधला आहे, असं त्यानं सांगितलं. ब्रूक्स काही समालोचक नव्हे. पण ‘त्या वेळी गैर वाटलं नाही’ हे सांगायला जी हिंमत लागते, ती माझ्या पाहण्यात वाहिन्यांवरच्या माफीनाम्यांत फारशी आलेली नाही. तिथं वाक्य असतं, की हे बोलणं माझ्या स्वभावात बसत नाही. मग ते आलं कुठून?

डीन जोन्सचं पुढं काय झालं, तेही पाहू. तो समालोचनात परतला. शिवाय पाकिस्तान सुपर लीगमध्ये प्रशिक्षक झाला आणि इस्लामाबाद युनायटेडला त्यानं २०१६ आणि २०१८ ची विजेतेपदं मिळवून दिली. काही काळ अफगाणिस्तानच्या संघाबरोबरही होता. २४ सप्टेंबर २०२० रोजी आयपीएलच्या समालोचनासाठी मुंबईत आला असताना हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कराची किंग्जनं पाकिस्तानातली ती लीग जिंकली आणि विजेतेपद आपल्या या दिवंगत प्रशिक्षकाला अर्पण केलं. दाढीवाल्या मुसलमान खेळाडूला दहशतवादी म्हणणारा माणूस आयुष्याची शेवटची वर्षं तशाच खेळाडूंच्या ड्रेसिंगरूममध्ये काढतो आणि ते त्याच्यासाठी हळहळतात. हा २००६ च्या माफीचा पुरावा आहे का? पक्का नाही. प्रशिक्षकपद हीही नोकरीच. पण कराचीतल्या खेळाडूंनी रोज पाहिलेला माणूस, आणि आपण एका वाक्यात ऐकलेला माणूस, यांत त्यांचं मोजमाप जास्त भरवशाचं, एवढं तरी मान्य करायला हवं.

आपल्याकडे वृत्तवाहिन्यांच्या बाबतीत मनाची भानगडच ठेवलेली नाही. वाहिन्यांच्या संघटनेनं २००८ मध्ये नेमलेली स्वनियंत्रण संस्था तक्रार खरी ठरल्यास वाहिनीला माफी दाखवायचा आदेश देऊ शकते. शास्त्रज्ञ आणि कवी गौहर रझा यांच्या एका मुशायऱ्यातल्या सहभागावरून केलेल्या वृत्ताबद्दल झी न्यूजला एक लाख रुपयांचा दंड आणि माफीचा आदेश झाला होता. अशा आदेशांतला तपशील वाचण्यासारखा असतो. मजकूर संस्था देते. तो पडदाभर, मोठ्या अक्षरांत, स्थिर दाखवायचा, आणि सोबत स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजात, सावकाश वाचायचा. दिवस आणि वेळही ठरवून दिलेली. सावकाश, हे मुद्दाम लिहावं लागतं, यातच आपल्या वाहिन्यांची ओळख आली. या माफीत कोणाचा गळा दाटत नाही, कोणी आपल्या मित्रांची यादी वाचत नाही. चुकीचं काय होतं ते सांगितलं जातं, बस्स. मला हा प्रकार रूक्ष वाटत असला तरी खोटा वाटत नाही.

मग जीभ घसरली असेल तर? मे २०२३ मध्ये ओकलंड अॅथलेटिक्स या बेसबॉल संघाचा अनुभवी समालोचक ग्लेन कायपर कॅन्सस सिटीतल्या निग्रो लीग्ज संग्रहालयाला भेट देऊन आला होता. एके काळी गोऱ्यांच्या संघांत जागा न मिळालेल्या खेळाडूंचा इतिहास जपणारं हे संग्रहालय. सामन्याआधी त्या भेटीचं कौतुक सांगताना संग्रहालयाच्या नावातल्या पहिल्या शब्दाच्या जागी त्याच्या तोंडून कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी आली. सहाव्या डावात त्यानं माफी मागितली, पण ती अशी, की मघाशी एक गोष्ट मला हवी तशी बाहेर आली नाही, वेगळी वाटली असल्यास माफ करा. काय बाहेर आलं, ते सांगितलंच नाही. मघाचं ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांना हा माणूस कशाबद्दल बोलतोय तेही कळलं नसेल.

संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक यांनी त्याला क्षमा केली. त्या भेटीत तो किती आनंदानं फिरला होता हे त्यांनी पाहिलं होतं, आणि त्याच्या मनात काय होतं याचा काही अंदाज बांधायचा अधिकार असेल तर तो त्यांचाच. वाहिनीनं मात्र चौकशी केली आणि २२ मे रोजी कायपरला काढून टाकलं. निर्णय केवळ त्या एका शब्दावरून नाही, अंतर्गत चौकशीत समोर आलेल्या माहितीचाही त्यात विचार आहे, असं वाहिनीच्या निवेदनात होतं. ती माहिती काय, हे सांगितलं नाही.